बेंजो : नाव अमेरिकेचे, जन्म जपानचा, संसार मराठवाड्याचा

१/
बीड जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम आटोपून माणसे गावी परतली की लग्नसराई सुरू होते. वरातीच्या पुढे एक गाडा चालतो. गाड्यावर जनरेटर, त्याच्या वर भोंगे, आणि ढोल-ताशांच्या गदारोळातूनही वेगळा ऐकू येणारा एक धारदार, किणकिणता स्वर. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या बाजारपेठेच्या गावात हा स्वर लहान मूलही ओळखते : बेंजो. हे वाद्य आले कोठून, असे मात्र फारसे कोणी विचारत नाही. नागोया, शिकागो, मुंबई आणि मराठवाडा या चार ठिकाणी विखुरलेले त्याचे उत्तर या धाग्यात क्रमाने पाहू.

२/
प्रथम नावाचा घोळ. मूळ बँजो हे अमेरिकेत घडलेले वाद्य. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी भोपळ्यावर कातडे ताणून, त्याला दांडी आणि तारा जोडून ते घडवले. त्याचा आवाज कातड्यातून येतो. आपल्या बेंजोला कातडे नाही, दांडी नाही, गोल तोंडही नाही. तो लाकडाचा एक लांबट, पोकळ खोका; वर तारा आणि तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे. दोन्ही वाद्यांत सामायिक आहे ती तारेची किणकिण आणि नाव. किणकिण सारखी वाटली, म्हणून नाव चिकटले असावे.

३/
या खोक्याचा जन्म १९१२ सालचा, जपानमधील नागोया शहरातला. जनक गोरो मोरिता. परदेश प्रवासात पाहिलेल्या टंकलेखन यंत्राची बटणे जपानच्या पारंपरिक तंतुवाद्यांशी जोडली तर काय होईल, या विचारातून त्यांनी हे वाद्य सिद्ध केले. त्याच वर्षी जपानमध्ये सम्राट बदलला आणि ‘ताइशो’ पर्व सुरू झाले. नव्या पर्वाचे नाव आणि जुन्या ‘कोतो’ या तंतुवाद्याचे नाव एकत्र येऊन वाद्य ‘ताइशोगोतो’ झाले. म्हणजे मराठवाड्याच्या वरातीत वाजणाऱ्या वाद्याच्या मूळ नावात एका जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव दडले आहे.

४/
रचना साधी आणि कल्पक. खोक्याच्या माथ्यावर पोलादी तारा ताणलेल्या, तारांखाली धातूचे पडदे. बटण दाबले की त्याला जोडलेली धातूची पट्टी तारेला नेमक्या पडद्यावर टेकवते आणि तारेची कंप पावणारी लांबी ठरते. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. सतारीत किंवा गिटारीत बोट कोठे ठेवायचे हे हाताला शिकवण्यात वर्षे जातात; येथे ती जागा बटणाने आधीच ठरवून ठेवली आहे. गुरू परवडत नसलेल्या मुलालाही आठवड्याभरात एखादे ओळखीचे गाणे काढता येते. हे वाद्य जगभर पसरण्याचे मोठे कारण येथे आहे.

५/
नागोया हे वाद्यनिर्मितीचे जुने केंद्र. मासाकिची सुझुकी यांनी तेथे १८८७ साली व्हायोलिन बनवण्याचा उद्योग सुरू केला होता. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल आशियाच्या बाजारात येणे अवघड झाले आणि ती जागा जपानी मालाने घेतली : कापड, काचसामान, खेळणी, वाद्ये. ताइशोगोतो याच काळात आणि त्यानंतर बाहेर पडले. इंडोनेशियाच्या बेटांवर त्याची स्थानिक रूपे झाली. केनियाच्या किनाऱ्यावरील ताराब संगीतात ते ‘ताइशोकोतो’ म्हणूनच वाजू लागले. हिंदुस्थानातही ते समुद्रमार्गेच आले.

६/
येथे त्याला ‘बुलबुल तरंग’ हे देखणे नाव मिळाले. नावाबरोबर अंगही बदलले. जपानी वाद्यात सुरावटीच्या तारा मुख्य. हिंदुस्थानी कानाला मात्र मागे सतत सा-प ऐकू आल्याशिवाय सूर पूर्ण वाटत नाही. म्हणून बाजूला बटणांच्या कक्षेबाहेर आणखी तारा बसल्या, केवळ छेडण्यासाठी. तंबोऱ्याचे काम त्या तारा करू लागल्या. परक्या वाद्याला आपलेसे करण्याची ही पद्धत जुनीच आहे. कारागिराने यंत्र जसेच्या तसे ठेवले आणि त्याच्या शेजारी एक आधारस्वर नेऊन बसवला.

७/
पोकळ अंगाचे तंतुवाद्य मराठी माणसाला नवे नव्हते. गोंधळ्याचे तुणतुणे हे तळाशी कातडे लावलेले पोकळ नळकांडे. वारकऱ्याच्या वीणेला भोपळा. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी मोठे भोपळे निवडून, वाळवून, कोरून वापरतात. तत्त्व सर्वत्र एक : एकटी तार फारशी हवा हलवू शकत नाही, तिचा कंप घोडीमार्गे पोकळ अंगाला मिळाला की आवाज भरतो. पण पोकळीलाही मर्यादा आहे. देवघरात तंबोरा पुरतो. पाचशे माणसांच्या वरातीत, हलगीच्या शेजारी, पुरत नाही.

८/
नेमकी हीच अडचण १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेतील गिटारवादकांपुढे होती. नृत्यसभागृहांत तुताऱ्या आणि ढोल यांच्यापुढे गिटार ऐकूच येत नसे. उपाय सापडला तो विजेत. चुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे ठेवायचे आणि त्यावर पोलादी तार कंप पावू द्यायची. चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले हे तत्त्व. जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास त्यावर चालणारी गिटार बाजारात आणली. या चुंबक-वेटोळ्याच्या जोडीला ‘पिकअप’ म्हणतात. एक अट तेवढी पक्की : तार लोहयुक्त हवी. आतड्याची किंवा नायलॉनची तार चालत नाही.

९/
१९३६ साली गिब्सन कंपनीने पोकळ अंगाच्या गिटारीवर पिकअप बसवून ‘ईएस-१५०’ हे प्रारूप आणले. चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णीय वादकाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात ते वाजवले आणि मागे बसून ठेका धरणारी गिटार पुढे येऊन बोलू लागली. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. पोकळ अंगाचा एक दोष मात्र लगेच उघड झाला : भोंग्याचा मोठा आवाज पोकळीत शिरतो, तार पुन्हा कंप पावते, तो कंप पुन्हा भोंग्यातून येतो आणि शिट्टी सुरू होते. भर अंगाच्या गिटारी पुढे लोकप्रिय झाल्या त्यामागे हे एक कारण होते.

१०/
महागड्या वाद्यांच्या इतिहासाला समांतर असा स्वस्त वाद्यांचाही इतिहास असतो. शिकागोच्या हार्मनी कंपनीच्या पोकळ गिटारी सिअर्सच्या टपाल-सूचीतून खेड्यापाड्यांत पोचल्या. जपानात १९४६ साली सुरू झालेल्या टेइस्को कंपनीच्या गिटारी साठच्या दशकात अमेरिकेत स्वस्तात विकल्या जात. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये पॉल मॅककार्टनी याला फेंडरचा बेस परवडेना. त्याने सुमारे तीस पौंडांत हॉफनर कंपनीचा पोकळ, व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. परवडला म्हणून घेतलेले ते वाद्य पुढे बीटल्सची ओळख ठरले. नाइलाजाने केलेली खरेदी संगीताचा नाद बदलू शकते, याचे हे ठळक उदाहरण.

११/
मुंबईतही विजेची गिटार पोचली होती. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धुना गिटारीवर वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या आणि त्या रेडिओवरून घराघरांत गेल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तर गिब्सनची ‘सुपर ४००’ ही पोकळ अंगाची गिटार आडवी ठेवून, तारा उंच करून, तिच्यावर रागदारी वाजवली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ते आहेत. पण अशी वाद्ये विदेशी. १९५६-५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले. चैनीच्या यादीत बसणारी विदेशी गिटार मुंबईतल्या मध्यमवर्गीय मुलालाही अवघड, मग परळी-सिरसाळ्याच्या शेतमजुराच्या मुलाची गोष्टच वेगळी.

१२/
त्या मुलाच्या हाती जे होते ते बुलबुल तरंग. आणि योगायोग असा की पिकअपला जे जे लागते ते सर्व या खोक्यात आधीच होते : पोलादी तारा, सपाट माथा, तारांखाली मोकळी जागा. चुंबकावर गुंडाळलेले वेटोळे बसवायचे, खोक्याला भोक पाडून वायर बाहेर काढायची, ती ध्वनिवर्धकाला जोडायची. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला जमेल असे हे काम. पोकळ अंगाची विजेची गिटार जे काम करत होती, ते आता त्याहून कितीतरी स्वस्त वाद्य करू लागले. बुलबुल तरंग या नाजूक नावाला भोंग्यातून येणारा हा आवाज शोभेना, आणि बोलीत ‘बेंजो’च रुजले.

१३/
असे वाद्य बाळगणे म्हणजे त्याची दुरुस्ती शिकणे. बटणांखालच्या स्प्रिंगा गंजतात, मग दाबलेले बटण वर येत नाही. उन्हात लाकूड वाकते आणि तार पडद्यावर घासून भणभणते. खुंट्या सैल पडतात. वायरचा टाका सुटला की ऐन वरातीत आवाज गायब. अर्थिंग नीट नसेल तर भोंग्यातून अखंड घुंईं ऐकू येते. पोकळ खोका भोंग्याच्या तोंडासमोर आला की चार्ली ख्रिश्चनला छळणारी तीच शिट्टी येथेही वाजते. म्हणून जाणता वादक भोंग्यांकडे पाठ राहील अशी जागा धरतो किंवा खोक्यात कापड कोंबतो. ध्वनिशास्त्र हे असे अनुभवातून शिकले जाते.

१४/
वादनाचेही शास्त्र आहे. बेंजोचा स्वर छेडल्यावर लगेच विरतो. गाण्यातला लांब स्वर टिकवायचा तर नखी तारेवर वेगाने खालीवर चालवत राहावी लागते. बेंजोची ती ओळखीची थरथर येथून येते. दुसरी मर्यादा मींडेची. बटण एका स्वरावरून थेट दुसऱ्यावर उडी मारते. मधली वाट नाही. चांगला वादक ती उणीव मुरक्यांनी आणि जलद कणस्वरांनी भरून काढतो. ऐकणाऱ्याला गाण्याचे शब्द ऐकू आल्यासारखे वाटले पाहिजेत, हीच वरातीतली परीक्षा. शब्द ओळखू आले की पाय थिरकतात.

१५/
विजेवर चालणाऱ्या वाद्याला वीज हवी. सिरसाळ्याच्या तालुक्याचे ठिकाण असलेल्या परळीत औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. एकाच तालुक्यात एकीकडे धुराडी उभी राहत होती आणि दुसरीकडे माणसे खडी फोडायला जात होती. वरात तर खांबाला बांधून ठेवता येत नाही. म्हणून गाड्यावर आधी बॅटरी आणि नंतर जनरेटर आला. वाद्य, ध्वनिवर्धक, भोंगे आणि वीज अशी सगळी यंत्रणा चाकांवर चढली तेव्हा ‘बेंजो पार्टी’ हे नाव सार्थ झाले.

१६/
या पार्टीच्या खात्यावरचे हुकमी गाणे म्हणजे ‘नागीन’ची धून. तिचा इतिहास येथे सांगण्याजोगा आहे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटाला संगीत हेमंतकुमारांचे. त्यातला पुंगीचा आवाज गारुड्याच्या पुंगीचा नव्हता. तो कल्याणजी वीरजी शहा यांनी क्लॅव्हियोलिन या विजेवर चालणाऱ्या कळवाद्यावर काढला होता. म्हणजे वरातीत तोंडात रुमाल धरून लोळणारा तरुण ज्या ‘पारंपरिक’ नादावर नाचतो, तो नाद जन्मापासूनच विजेचा आहे. बेंजोने त्याला फक्त स्टुडिओतून रस्त्यावर आणले.

१७/
आता मुद्दा सामाजिक. गावगाड्यात वाद्य आणि जात यांची गाठ पक्की होती. हलगी मांग समाजाकडे, संबळ गोंधळ्याकडे, देवळापुढची सनई गुरव-घडशांकडे. वाजवणे ही कला मानली गेली तरी ती हक्क-कर्तव्यांच्या वहीत जन्माने नोंदलेली होती. बोलावले की जायचे, मिळेल ते घ्यायचे. नागोयाहून आलेला खोका या वहीत नव्हता. तो कोणाच्या वतनाचा नव्हता आणि कोणावर लादलेलाही नव्हता. बेंजो पार्टी सुपारी घेते, रक्कम आधी ठरवते, विसार मागते. वाजवणारे हात अनेकदा त्याच वस्त्यांतले राहिले. पण व्यवहाराची भाषा बदलली. बलुत्याच्या जागी करार आला.

१८/
बेंजोचा दुसरा मंच कव्वालीचा आणि भीमगीतांचा. उरुसातल्या कव्वालीत पेटीच्या शेजारी बुलबुल तरंग बसले. भीमगीतांनी कव्वालीचा सवाल-जवाबाचा ढंग आणि साथीची वाद्ये दोन्ही आपलीशी केली; प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे गायक या दोन्ही मंचांवर वावरले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव पोचवलेली गाणी पुढच्या पिढीने याच साथीवर गायली. मराठवाड्यात या गाण्यांना वेगळी धार होती. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळल्या, माणसे मेली. त्या काळात रात्री पेटलेल्या बल्बखाली गायले जाणारे गाणे ही केवळ करमणूक नव्हती.

१९/
येथे पेटीशी तुलना उद्बोधक ठरते. हार्मोनियमही परके, ठरावीक स्वरांचे, मींड नसलेले वाद्य. आकाशवाणीने १९४० साली त्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. तरीही पेटी तरली, कारण तिच्यामागे संगीत रंगभूमी होती, गोविंदराव टेंबे यांच्यासारखे वादक होते, कीर्तन आणि भजन होते. बेंजोतही तेच दोष आणि तेच गुण. त्याच्यामागे मात्र ना नाट्यगृह होते ना समीक्षक. म्हणून पेटीचा इतिहास ग्रंथांत आला आणि बेंजोचा इतिहास लग्नपत्रिकांच्या मागे खरडलेल्या हिशेबांत राहिला. वाद्याची प्रतिष्ठा त्याच्या स्वरांवर कमी आणि ऐकणाऱ्यांच्या सामाजिक स्थानावर अधिक ठरते, असे या तुलनेवरून दिसते.

२०/
ही उपेक्षा अटळ नव्हती, याचा पुरावा सीमेपलीकडे आहे. बलुचिस्तानात हेच वाद्य ‘बेंजू’ झाले. कारागिरांनी त्याचा आकार वाढवला, आवाज खोल केला आणि ते बलुच संगीताचे मानाचे वाद्य बनले. नूर बख्श या वृद्ध वादकाचा विजेचा बेंजू २०२२ पासून जगभर ऐकला जात आहे. साधने तीच : पोकळ खोका, पिकअप, बॅटरीवर चालणारा लहान ध्वनिवर्धक. खुद्द जपानमध्ये ताइशोगोतो वाजवणारी हौशी मंडळे आहेत आणि तेथेही त्याची विजेवर चालणारी रूपे बनतात. जन्मगावी ते निवांत हौसेचे वाद्य आहे, मकरानात प्रतिष्ठेचे, आणि मराठवाड्यात सुपारीचे.

२१/
गेल्या काही दशकांत बेंजोची जागा आक्रसली. कॅसिओ कंपनीने १९८० साली आपला पहिला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड काढला. पुढे ‘कॅसिओ’ हे बेंजो पार्टीतल्या कोणत्याही कीबोर्डाचे सामान्यनाम झाले. त्यानंतर डीजे आला आणि वादकांचीच गरज संपली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर खुल्या जागेतील ध्वनिक्षेपकावर बंधन आणले. २०१६ साली रवी जाधव दिग्दर्शित, रितेश देशमुख अभिनित ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट आला आणि मुंबईच्या रस्त्यावरचा हा वादक प्रथमच नायक झाला. चित्रपट आला आणि गेला. सुपाऱ्या डीजेकडेच वळत राहिल्या.

२२/
जुना बेंजो हा म्हणूनच इतिहासाचे साधन आहे. त्याच्या तळाशी कारागिराचा शिक्का असतो. अंगावर रंगांचे थर असतात, आणि कोणता थर कोणत्या सणाचा हे मालकाला ठाऊक असते. पिकअप कोणी बसवला, कोणत्या रेडिओचे सुटे भाग वापरले, हे उघडून पाहता येते. ज्या बटणांचा रंग सर्वांत जास्त झिजला ती बटणे त्या वादकाच्या आवडत्या गाण्यांची नोंदवहीच. वादक आज साठी-सत्तरीत आहेत. कोणत्या साली किती सुपारी मिळे, कोणत्या गावात गाडा अडवला गेला, कोणत्या गाण्यावर लोक रडले, हे त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यासाठी पुराभिलेखागाराची परवानगी लागत नाही. वाद्याची चहूबाजूंनी छायाचित्रे, तारांची संख्या आणि त्यांची लावणी, प्रत्येक बटणाचा एक-एक स्वर ध्वनिमुद्रित, आणि मालकाच्या संमतीने त्याची तासाभराची मुलाखत : एवढे एका दुपारचे काम आहे. सिरसाळ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. तालुक्यातल्या कोणत्याही बाजारगावात एखाद्या माळ्यावर असा खोका पोत्यात गुंडाळून ठेवलेला मिळण्याची शक्यता बरीच आहे. तारा गंजल्या असतील, बटणे अडकत असतील. पण नव्या तारा फार महाग नसतात, आणि त्या चढवल्या की वाद्य पुन्हा बोलते.

(धागा समाप्त)